रस्त्याचा वापसा

बेंबळीच्या स्टँडवर चहा पिताना शेजारच्या बाकावरच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "तेरला कशाला निघालात?" मी सांगितलं, दोन हजार वर्षांपूर्वी तिथं मोठी बाजारपेठ होती, तिथला माल रोमपर्यंत जात होता, ते बघायला. त्यांनी कप खाली ठेवला. "इथं उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतंय. लातूरला तर रेल्वेनं आणलं. समुद्र हितनं कुठल्या कुठं. अन् रोमचा व्यापार इथं कसा व्हईल?"

तेर आणि बेंबळी, दोन्ही गावं धाराशिव तालुक्यातली. तेरचं संग्रहालय बघून आलेली शाळकरी मुलं हाच प्रश्न विचारतात आणि बहुतेक वेळा त्यांना 'पूर्वी इथं खूप पाऊस असेल' असं उत्तर मिळतं. ते उत्तर सोपं आहे, पण मला ते चुकीचं वाटतं. आपला मुलूख कोरडा होता म्हणून इथून वाट गेली, आणि जो थोडका पाऊस पडतो त्यानं त्या वाटेचं वेळापत्रक ठरवलं. हे कसं, ते एकेक पायरीनं पाहू.

१. तगर म्हणजे आपलं तेर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची एक माहितीवही लिहून ठेवली. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावानं ती ओळखली जाते. कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, कुठल्या महिन्यात निघावं, अशा कामाच्या गोष्टी तीत आहेत. त्यात तो सांगतो की बॅरिगाझाहून, म्हणजे भरूचहून, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं नगर आहे. या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांवर लादून, धड वाटा नसलेल्या मुलुखातून भरूचला येतो. पैठणचा माल म्हणजे गोमेदासारखे रंगीत दगड. तगरहून येतं ते कापड: साधं जाडंभरडं भरपूर, तलम मलमल तऱ्हेतऱ्हेची, आणि 'मोलोखिना' नावाचं एक वेगळं वाण.

हे तगर कुठलं, यावर विद्वानांचं बरंच भांडण झालं. जुन्नर, देवगिरी, धारूर अशी नावं पुढे आली. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे दाखवून दिलं. त्यातला भाषेचा धागा आपल्याला घरचा आहे. प्राकृतात मधला 'ग' गळतो. 'नगर'चं 'नयर' होतं आणि पुढे 'नेर'. पिंपळनेर, अमळनेर, पारनेर ही नावं तशीच झाली. त्याच चालीनं 'तगर'चं 'तयर' आणि 'तयर'चं 'तेर'. दिशेत मात्र थोडी गडबड आहे. तेर हे पैठणच्या सरळ पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. पण भरूचच्या धक्क्यावर बसून गाडीवानांकडून ऐकलेली माहिती लिहिणाऱ्याला एवढी सूट द्यायला हरकत नाही.

२. पातेल्यावरचं झाकण

आता पावसाकडे वळू. चुलीवर भात शिजताना वाफ वर जाते, थंड झाकणाला लागते आणि तिचे थेंब होतात. अरबी समुद्रावरून येणाऱ्या ओल्या वाऱ्याचं सह्याद्रीपाशी असंच होतं. डोंगर आडवा आला की वाऱ्याला वर चढावं लागतं. वर हवा थंड, म्हणून वाफेचं पाणी होतं आणि ते तिथंच कोसळतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगर ओलांडून आलेला वारा खाली उतरताना पुन्हा तापतो आणि त्याच्यापाशी द्यायला फारसं काही उरत नाही. या कोरड्या पट्ट्याला पर्जन्यछाया म्हणतात. धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर येतं, तेही लहरीनं. जुलैत उघडीप, आणि बंगालच्या उपसागरावरून एखादा पट्टा सरकला तर सप्टेंबरात झोडपून काढणार. शेतकऱ्याला हे सांगायला नको.

गाडीवानाच्या बाजूनं बघा. जिथं पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथं दाट रान, दऱ्या, भरून वाहणारे ओढे. जिथं सातशे पडतो तिथं मोकळं माळरान, नजर पोचेल तिथपर्यंत गाडी हाकता येते, आणि वर्षातले सातेक महिने आभाळाची चिंता नाही. पर्जन्यछायेचा हा पट्टा सह्याद्रीच्या पूर्वेला उत्तर-दक्षिण पसरला आहे. पैठण त्यात, तेरही त्यात.

३. माती कापूस देते आणि चाक धरते

दख्खनचं पठार लाव्हाच्या थरांचं. त्या काळ्या दगडाची झीज होऊन आपली काळी माती बनली. ती पाणी धरून ठेवते. वरचा थर वाळला तरी हातभर खाली ओल असते, म्हणून बेताच्या पावसावरही कापूस उभा राहतो. खोल मूळ सोडून तो ती ओल शोधतो. ज्वारीही याच ओलीवर रब्बीत येते. तगरच्या कापडाचं मूळ या मातीत आहे.

पण हीच माती भिजली की फुगते आणि चिकटते. चपलेखाली एवढा गोळा जमतो की माणूस वीतभर उंच होतो. बैलगाडीची चाकं आसापर्यंत रुततात. उलट उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात बैलाचा पाय अडकतो.

शेतकऱ्यांचा एक शब्द इथं फार उपयोगी पडतो: वापसा. पाऊस उघडल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, कुळव चालेल अशा बेताला येते, तो वापसा. रान वापशावर आल्याशिवाय कोणी औत घालत नाही. मला वाटतं, काळ्या मातीच्या मुलुखात रस्त्यालाही वापसा लागतो. दसऱ्याच्या आसपास तो येतो. सीमोल्लंघन दसऱ्याला करायचं, मोहिमेवर निघायचं तर याच दिवशी, ही रीत मातीच्या या स्वभावातून आलेली दिसते. एकदा शे-दोनशे गाड्या गेल्या की चाकांच्या दोन चाकोऱ्या पडतात, मग मागची गाडी त्याच धरून जाते. 'चाकोरीतलं आयुष्य' आपण नाक मुरडून म्हणतो. गाडीवानाला चाकोरी सापडली की हायसं वाटायचं.

४. एक वारा, दोन कामं

उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते. तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा धावतो, हा नैर्ऋत्य मोसमी वारा. हिवाळ्यात उलट होतं. जमीन लवकर निवते आणि वारा ईशान्येकडून समुद्राकडे वाहतो. अंगण दुपारी आधी तापतं आणि रात्री आधी गार पडतं, आड मात्र तसाच राहतो. तोच प्रकार इथं फार मोठ्या प्रमाणात चालतो.

शिडाच्या जहाजाला हा वारा म्हणजे येण्या-जाण्याचं तिकीट. पेरिप्लसकार सांगतो की भरूचसाठी इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघावं. नैर्ऋत्य वारा पाठीशी घेऊन जहाजं यायची आणि खवळलेला समुद्र निवता निवता आपल्या किनाऱ्याला लागायची. परतीचं सांगतो रोमन लेखक प्लिनी: भारतातून डिसेंबरात निघायचं, फार तर जानेवारीच्या मध्यापर्यंत. नंतर निघालात तर वारा साथ देईलच असं नाही. हाच प्लिनी कुरकुर करतो की भारत दरवर्षी आपल्या साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. सेस्टर्स हे रोमचं नाणं. आकडा त्यानं फुगवला असेलही, पण त्याची जळजळ खरी आहे.

म्हणजे जो वारा जहाजं आणतो, तोच घाटमाथ्यावर आणि पठारावर पाऊस टाकून गाडीवाटा बंद करतो. समुद्राचं दार उघडतं तेव्हा जमिनीचं बंद असतं. आणि जमिनीचं उघडतं तेव्हा जहाज धक्क्यावर परतीच्या वाऱ्याची वाट बघत उभं असतं. व्यापाऱ्याला साधायचा होता तो या दोघांमधला मोजक्या आठवड्यांचा अवधी.

५. तीस दिवसांचा हिशेब

हा अवधी पुरत होता का? करून बघू.

तेर ते पैठण नकाशावर सरळ रेघ ओढली तर सुमारे दीडशे किलोमीटर, पैठण ते भरूच सुमारे साडेतीनशे. पहिल्या टप्प्याला दहा दिवस, दुसऱ्याला वीस. दिवसाला पंधरा आणि साडेसतरा किलोमीटर. वाट सरळ रेघेत जात नसते. वळणं, उतार, घाट धरून तिसरा हिस्सा वाढवला तर वीस ते तेवीस किलोमीटर होतात. लादलेल्या बैलगाडीची दिवसाची मजल एवढीच असते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या माणसानं ऐकून लिहिलेले आकडे आजच्या नकाशावर इतके बसतात, हे पाहून मी पुन्हा एकदा बेरीज-भागाकार तपासला होता.

आता समजा, रस्त्याचा वापसा २० ऑक्टोबरला आला आणि त्याच दिवशी गाड्या निघाल्या. २० नोव्हेंबरच्या आत त्या भरूचला पोचतात. सौदा, मोजणी, जहाजात भरणं यांसाठी हातात महिना-दीड महिना राहतो. परतीचा पाऊस लांबला आणि निघायला महिना उशीर झाला तर पोचायला २० डिसेंबर. ओढाताण होईल, पण जमेल. आणखी महिना गेला की जहाज निघून गेलेलं. गाठोडी वखारीत वर्षभर पडणार.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. कापूस वेचणीला येतो तो दिवाळीच्या पुढे-मागे. तो वेचायचा, सरकी काढायची, पिंजायचा, कातायचा, विणायचा, धुवायचा. त्या हंगामातल्या गाडीत त्या हंगामाचा कापूस जाणं शक्यच नाही. म्हणजे कार्तिकात तेरहून निघालेलं कापड मागल्या वर्षीच्या पिकाचं असणार. शेतातल्या बोंडापासून समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकापर्यंत दीड-दोन वर्षं. एवढा काळ पैसा अडकून पडतो, म्हणून सावकार आणि श्रेणी, म्हणजे कारागिरांचे संघ, लागतात. त्यांच्याकडे थोड्या वेळानं येऊ.

पाण्याचाही हिशेब आहे. थंडीत एक बैल दिवसाला तीसेक लिटर पाणी पितो. पन्नास गाड्यांचे शंभर बैल म्हणजे तीन हजार लिटर, आजच्या पाच हजारी टँकरचा निम्म्याहून जास्त भाग, रोज, मुक्काम असेल तिथं. म्हणून वाट नदीनाले धरून जाते: तेरणा, बालाघाट ओलांडून मांजरा, सिंदफणेचं खोरं, मग गोदावरी. कार्तिक-मार्गशीर्षात ओढ्यांना अजून पाणी असतं, माळावर गवतही उभं असतं. फाल्गुनात दोन्ही संपतात. म्हणजे तिकडून जहाजाची घाई आणि इकडून पाण्याची.

६. चार महिने कुठं थांबायचं?

आषाढ ते आश्विन वाट बंद. मग वाटेवरच्या माणसांनी काय करायचं?

बौद्ध भिक्खूंना या काळात फिरायला मनाई होती. पावसात हिंडून ते कोवळी पिकं आणि जीवजंतू तुडवतात अशी लोकांची तक्रार होती, त्यातून एका जागी राहण्याचा नियम झाला. तो वर्षावास. जैनांचा आणि हिंदूंचा चातुर्मासही याच हवामानाचा. (वारकरी मात्र ऐन पावसाळ्यात चालतात. पण त्यांचीही वाट बहुतेक पर्जन्यछायेतूनच जाते.)

थांबायला कोरडी जागा हवी. महाराष्ट्रातली जुनी लेणी कुठं आहेत ते नकाशावर बघा. कार्ले, भाजे, बेडसे बोरघाटाच्या माथ्याजवळ. जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या वाटेवर. नाशिकची पांडवलेणी थळघाटाकडे जाताना. पितळखोरे खानदेशात उतरणाऱ्या कड्यावर. जिथून वाट घाट उतरते तिथं बेसॉल्टचा कडा सापडतो आणि पावसाळ्यात वाहतूक तिथंच तुंबते. व्यापाऱ्यांनी दान दिलं, भिक्खूंना छप्पर मिळालं. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब तर 'यवनांनी', म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या माणसांनी दान केलेले आहेत.

नाशिकचा एक शिलालेख मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात जमाखर्च आहे. शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं लेणं कोरून दिलं आणि भिक्खूंच्या कापडासाठी कायमची ठेव ठेवली. ठेव कुणाकडे? कोष्ट्यांच्या श्रेणीकडे. दोन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दरमहा दरशेकडा एक या व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून त्याच्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. पडताळून बघा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक नाणं इकडचं तिकडे नाही.

पावसामुळे थांबलेला भिक्खू, कापूस विणणारा कोष्टी आणि शकांच्या घरातला जावई एका दगडावर एकत्र आले. चार महिन्यांचा पाऊस आडवा आला नसता तर हा हिशेब लिहायची वेळच आली नसती.

७. सगळं हवामानावर ढकलायचं का?

नाही. आणि इथं मला आवडत्या सिद्धांताला थोडा लगाम घालावा लागतो.

पहिली गोष्ट. तेरहून कोकणातली बंदरं भरूचपेक्षा जवळ. मग एवढा वळसा का? घाट हे एक कारण. नाणेघाटातून लादलेला बैल उतरतो, गाडी उतरत नाही. पण पेरिप्लसकार दुसरं कारण सांगतो आणि ते निव्वळ राजकारण आहे. कल्याण हे आधी रीतसर बंदर होतं, पुढे 'संदनेस' नावाच्या राजाच्या हाती गेल्यावर तिथला व्यापार अडवला गेला. चुकून तिथं शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेली जात. पाऊस तोच, वारा तोच, पण वाट फिरली.

दुसरी गोष्ट, 'तेव्हा खूप पाऊस असेल' हे उत्तर. ते तपासायला बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार उपयोगी पडतं. त्या विवरात बाहेरून नदी येत नाही, सरोवराचं पाणी आसपासच्या पावसाचंच. तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ थरावर थर साचलेला. पाणी आटवलेल्या पातेल्याला जसा पांढरा थर चिकटतो, तसे कोरड्या काळात त्या गाळात क्षारांचे खडे बनतात. हे थर वाचून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन दीर्घ कोरडे काळ दिसले. एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

दुसऱ्याची सुरुवात बघा. सातवाहन राजांच्या आणि तगरच्या भरभराटीच्या अगदी लगतची. गाळाच्या थरावर दशकाचा शिक्का नसतो, शेदोनशे वर्षं इकडेतिकडे होतात. तेव्हा यावरून फार मोठी इमारत उभारू नये. पण 'भरपूर पाऊस होता म्हणून वैभव होतं' एवढं तरी आता म्हणता येणार नाही.

८. गोण्यांतून काय काय गेलं

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. अंगावर दागिने गच्च, चेहरा शांत. तिच्याशी नातं सांगणारी दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीत पोंपेईच्या उत्खननात सापडली आणि आज ती नेपल्सला आहे. पोंपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच तिथं पोचली होती. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती उलट दिशेनं आलेली.

गावातच त्रिविक्रमाचं देऊळ आहे. विटांचं, आणि मागची बाजू देवळाला शोभणारी नाही. ती अर्धगोल आहे, कार्ल्याच्या चैत्यगृहासारखी, वर गाडीच्या टपासारखं छत. मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावं असं अभ्यासक मानतात. आत आता त्रिविक्रम उभा आहे. इथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, असं गावकरी सांगतात. माती तेरणाकाठची. तेराव्या-चौदाव्या शतकात याच मातीवर गोरा कुंभारांनी मडकी घडवली, त्यांची समाधी इथंच आहे.

पुढे वाट इतरत्र वळली, भरूचला जाणाऱ्या गाड्या थांबल्या, तगरचं तेर झालं. पण कोकणात आणि कोल्हापूरकडे राज्य करणारे शिलाहार राजे कितीतरी शतकांनंतरही आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत होते, थोर तगरनगरीचे स्वामी. त्यांतल्या उत्तर कोकणच्या शाखेची सत्ता ठाण्याच्या परिसरात होती. तिथं जून ते सप्टेंबर पाऊस खळत नाही, आणि ताम्रपटावरचं गाव मात्र घाटापलीकडचं, सातशे मिलिमीटरवालं.